पदवी समुद्राची, सुरुवात बंदरावरून: घराजवळच्या इंटर्नशिपबद्दल सविस्तर

दरवर्षी निकाल लागले की माझ्याकडे एकाच साच्यातले मेल येऊ लागतात. 'मला लहानपणापासून समुद्राची आवड आहे, मी मरीन बायोलॉजी घेऊन पदवी पूर्ण केली आहे, तुमच्याकडे जून-जुलैमध्ये इंटर्नशिप मिळेल का?' मुलं हुशार असतात, मार्कही चांगले असतात. पण 1 जून ते 31 जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला बंदी असते. होड्या शाकारून वर ओढलेल्या असतात, जाळी विणायला काढलेली असतात आणि जेट्टीवर मोजायला मासाच नसतो. ज्या समुद्राची एवढी आवड आहे त्याचं वेळापत्रक एकदा पाहिलं असतं, तर हाच मेल ऑगस्टसाठी आला असता आणि मी बहुधा हो म्हटलं असतं.

हा लेख अशा मुलामुलींसाठी आहे. झूऑलॉजी, मरीन बायोलॉजी किंवा मत्स्यशास्त्राची पदवी हातात आहे, अनुभव शून्य आहे, आणि घर डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठेतरी आहे किंवा निदान मामाचं तरी आहे. माझं म्हणणं एवढंच की पहिली इंटर्नशिप घराजवळ करा. लांबच्या बेटावर पैसे भरून 'संवर्धन स्वयंसेवक' व्हायच्या जाहिराती फार देखण्या असतात. पण तिथे तुम्ही पाहुणे असता. जवळच्या बंदरावर तुम्हाला भाषा येते, माशांची नावं कानावरून गेलेली असतात, रात्री झोपायला जागा असते आणि पहाटे चारला निघायचं असेल तर सोडायला भाऊ असतो. समुद्राचं काम म्हणजे बरंचसं पहाटे चारला निघणंच आहे.

आधी ठरवा, कोणतं पाणी

'मला समुद्रात काम करायचंय' हे वाक्य कोणत्याही कार्यालयात उपयोगाचं नाही. कोकणात नवख्याला करता येण्यासारखी कामं ढोबळमानाने पाच प्रकारची आहेत आणि प्रत्येकाचा हंगाम वेगळा आहे.

बंदरावर उतरणाऱ्या मासळीची मोजणी ऑगस्ट ते मे चालते. कासवांच्या घरट्यांचं काम साधारण नोव्हेंबरपासून सुरू होतं. अंडी घालण्याचा जोर मार्चपर्यंत आणि पिल्लं बाहेर पडण्याचा मेपर्यंत. खडकाळ किनाऱ्याचं सर्वेक्षण पावसाळा सोडून, उधाणाच्या ओहोटीला. कांदळवनाचं काम जवळजवळ वर्षभर, फक्त चिखलात गुडघाभर उतरायची तयारी हवी. आणि प्रयोगशाळेतलं काम, म्हणजे प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव), पाण्याचे नमुने, माशांचं पोट फाडून खाद्य तपासणं, कधीही.

डॉल्फिन या यादीत नाही हे लक्षात आलं असेल. डॉल्फिनवर काम करणारे लोक आहेत, पण होडीचं भाडं, परवानगी आणि महिनोन्‌महिने रिकामा समुद्र पाहण्याचा संयम या तीन गोष्टी पहिल्याच इंटर्नशिपला क्वचित जमतात. त्यापेक्षा बांगडा मोजा. बांगड्याने आजवर जितक्या जणांना पीएचडी मिळवून दिली असेल, तितक्यांना डॉल्फिनने नक्कीच दिली नसेल.

दारं कुठे आहेत

मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, सगळे सीआयएफई म्हणतात ती. 1961 ची संस्था. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था, म्हणजे सीएमएफआरआय, हिचं मुख्यालय कोचीला असलं तरी मुंबईतही केंद्र आहे आणि देशभरात कोणत्या बंदरावर किती मासा उतरला याचे आकडे हीच संस्था गोळा करते. गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, एनआयओ, 1966 पासून आहे. तिचंही एक केंद्र मुंबईत आहे. सिंधुदुर्गातल्या मुलांना मुंबईपेक्षा दोना पावला जवळ पडतं, हे अनेकांच्या डोक्यातच येत नाही.

रत्नागिरीत शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे आणि शहरातच सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे. दोन्ही दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या छत्राखाली. केंद्रातलं मत्स्यालय आणि देवमाशाचा सांगाडा बघायला शाळेच्या सहली जातात. मागच्या बाजूला संशोधनही चालतं, ते मात्र सहलीला दाखवत नाहीत.

मग वनखात्याचा कांदळवन कक्ष, 2012 मध्ये सुरू झालेला, आणि त्याला जोडून कांदळवन प्रतिष्ठान. ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र यांचंच. मुंबईत राहणाऱ्यांना ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य दारातच आहे आणि 2022 पासून ते रामसर स्थळही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झालं आहे. कासवांसाठी वेळास, आंजर्ले, गुहागर. वेळासला हे काम चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 च्या सुमारास सुरू केलं आणि आता गावोगावी कासवमित्र आहेत. मुंबईच्या खडकांवर 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'चे लोक 2017 पासून किनारफेऱ्या काढतात. ती इंटर्नशिप नव्हे, पण दोन-तीन फेऱ्यांना गेलात तर ओळखी होतात आणि डोळा तयार होतो. पुण्यातल्या मुलांनी आकुर्डीचं भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र लक्षात ठेवावं. बरणीतल्या नमुन्यांवर वर्गीकरण शिकायला समुद्र शेजारी असावाच लागतो असं नाही.

या मोठ्या नावांपलीकडे एक दार असं आहे ज्याला कुलूपच नसतं: तुमच्याच गावची मच्छीमार सहकारी सोसायटी. बर्फाचे, डिझेलचे हिशेब तिथे असतात. तुमच्याच कॉलेजातल्या एखाद्या प्राध्यापकांना मार्गदर्शक करून सोसायटीच्या परवानगीने तीन महिने एका बंदराची नोंद ठेवलीत, तर तीही इंटर्नशिपच. मी अशा पाचेक मुलांचे अहवाल वाचलेत आणि त्यातले दोन मोठ्या संस्थांतून आलेल्या अहवालांपेक्षा सरस होते.

पत्र कसं लिहायचं

संस्थेला मेल पाठवण्याआधी तिथल्या एखाद्या शास्त्रज्ञाचं अलीकडचं काम वाचा. 'टू हूम इट मे कन्सर्न' करून वीस ठिकाणी एकच मजकूर पाठवलेला लगेच ओळखू येतो. एकदा तर मला आलेल्या मेलमध्ये वर नाव दुसऱ्याच संस्थेचं होतं. एका माणसाला, त्याच्या कामाबद्दल, दहा ओळी लिहा. मोठ्या संस्थांना इंग्रजीत लिहावं लागेल, पण आधी मराठीत लिहून बघा. काय म्हणायचंय हे तुम्हाला नीट कळलंय की नाही ते तिथेच समजतं. नमुना असा:

'मी रत्नागिरीची. यंदा झूऑलॉजी घेऊन बीएससी झाले. मिरकरवाडा बंदर घरापासून पंधरा मिनिटांवर आहे. गेल्या हंगामात दर रविवारी सकाळी तिथे जाऊन 32 जातींची छायाचित्रं आणि स्थानिक नावं नोंदवली आहेत. यादी सोबत जोडली आहे. त्यातल्या ढोम्यांच्या जाती मला अजून खात्रीने ओळखता येत नाहीत, तेच शिकायचं आहे. 1 सप्टेंबर ते 30 नोव्हेंबर पूर्ण वेळ देऊ शकते. राहण्याची सोय माझी आहे. कॉलेजचं ना-हरकत पत्र तयार आहे.'

या पत्रात आवड हा शब्द एकदाही नाही. काय केलंय, काय येत नाही, कधीपासून कधीपर्यंत आणि राहायचं कुठे, एवढंच आहे. वाचणाऱ्याला नेमकं तेवढंच हवं असतं. 'मला अमुक येत नाही' हे लिहायला मुलं घाबरतात. मला तर तेच वाक्य आवडतं, कारण ते लिहायला आधी बंदरावर जावं लागतं.

उत्तर नाही आलं तर दहा दिवसांनी एक नम्र आठवण द्या, त्यानंतर फोन करा. सरकारी कार्यालयात मात्र फोनपेक्षा प्रत्यक्ष जाणं बरं. सोबत कॉलेजचं शिफारसपत्र, ओळखपत्राची प्रत आणि दोन फोटो ठेवा. आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका.

पैशाचं काय

बहुतेक पहिल्या इंटर्नशिपला मानधन नसतं. काही सरकारी संस्था उलट प्रशिक्षण शुल्क घेतात. हे बरं आहे असं मी म्हणणार नाही. ज्याच्या घरी तीन महिने बिनपगारी पोसायची ऐपत आहे त्यालाच शास्त्रज्ञ होता येतं, असा याचा सरळ अर्थ होतो. पण आज परिस्थिती तशी आहे, म्हणून हिशेब आधी करा.

घरून जात असाल तर खर्च प्रवासाचा, नाश्त्याचा आणि बुटांचा. संस्थेला एवढं जरूर विचारा: 'क्षेत्रभेटीचा प्रवासखर्च कोण करणार?' हे विचारण्यात गैर काही नाही. पूर्ण वेळ जमत नसेल तर आठवड्याचे तीन दिवस मागून घ्या आणि उरलेल्या दिवसांत शिकवण्या घ्या. मी तेच केलं होतं; सकाळी मासे, संध्याकाळी नववीचं विज्ञान. वर्गात पहिल्या बाकावर कोणी बसत नसे, तो भाग वेगळा.

एक नियम मात्र पाळा. तुमच्याकडून मोठी रक्कम घेऊन 'प्रमाणपत्रासह सात दिवसांची मरीन इंटर्नशिप' देणाऱ्याकडे जाऊ नका. सात दिवसांत एक उधाण आणि फार तर अर्धा भांग (अष्टमीच्या आसपासची लहान भरती) होतो. तेवढ्यात समुद्राचंसुद्धा एक चक्र पूर्ण होत नाही. पोहणं मात्र शिकून घ्या आणि पैसे साठले तर स्कूबाचा पहिला कोर्स करा. तारकर्लीला एमटीडीसीची प्रशिक्षण संस्था आहे. स्कूबाशिवायही काम भागतं. पोहता येत नसेल तर होडीवर कोणी घेत नाही.

जाण्याआधीचा महिना

या महिन्यात करायच्या दोन गोष्टी तुम्हाला बाकी सगळ्यांच्या पुढे नेतील.

पहिली, तीस मासे तीन-तीन नावांनी. स्थानिक नाव, इंग्रजी नाव, शास्त्रीय नाव. बांगडा, इंडियन मॅकरल, रास्ट्रेलिगर कानागुर्टा. बोंबील, बॉम्बे डक, हार्पाडॉन नेहेरियस. स्थानिक नावं तालुक्यागणिक बदलतात हे विसरू नका. मुंबईची सुरमई मालवणात इसवण होते, तारलीचे पेडवे होतात, मुशीची मोरी, कोळंबीची सुंगटां. आणि एका नावाखाली अनेक जाती लपतात: ढोमा हे एका माशाचं नाव नाही, आख्ख्या घराण्याचं आहे. म्हणून वहीत तिन्ही नावं आणि फोटोचा क्रमांक. शास्त्रीय नावाचं आजचं स्पेलिंग वर्म्स या सागरी जीवांच्या नोंदवहीत तपासा, फिशबेस माशांसाठी. दोन्ही फुकट आहेत.

दुसरी, भरती-ओहोटी. मोबाइलवर कोष्टक मिळतं, पण कोकणातली जुनी रीत शिकून घ्या, कारण नेटवर्क नेमकं खडकावरच जातं. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. पंचमी असेल तर पाच त्रिक पंधरा, भागिले चार, म्हणजे पावणेचार. पावणेचारला पूर्ण भरती, पहाटेही आणि दुपारीही. त्याच्या साधारण सहा तास पुढेमागे पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, पण अंदाज बसतो.

यातून एक कामाची गोष्ट निघते. खडक सगळ्यात जास्त उघडे पडतात ते उधाणाला, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास. पण पौर्णिमेच्या सकाळची ओहोटी पाच-सव्वापाचला येते, म्हणजे अंधारात. द्वितीयेला भरती दीडला, म्हणजे ओहोटी सकाळी साडेसातला. उधाणाचा जोरही पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनीच येतो. म्हणून खडकावरचं काम द्वितीया-तृतीयेला ठेवा: पाणी लांब गेलेलं आणि उजेड भरपूर. साडेसहाला उतरायचं, ओहोटीच्या मागे मागे खाली जायचं आणि पाणी वळलं की परत फिरायचं. एक जण सतत समुद्राकडे तोंड करून उभा हवा. कालवं काढायला येणाऱ्या बायका निघाल्या की तुम्हीही निघा; त्यांना घड्याळ लागत नाही.

सामानात फार काही नाही: रबरी तळव्याचे जुने बूट (चप्पल नको, कालवांची धार ब्लेडसारखी असते), मोजपट्टी, मासे मोजायची फळी, ताणकाटा, पेन्सिली, जाड कागदाची वही, हातमोजे. खडकासाठी पीव्हीसी पाइपची पन्नास बाय पन्नास सेंटिमीटरची चौकट प्लंबरकडून शंभर-दोनशे रुपयांत होते. हीच चौकट ऑनलाइन 'क्वाड्रॅट' म्हणून मागवलीत तर महाग पडेल.

बंदरावरचे पहिले पंधरा दिवस

आता मुख्य काम. मी शिकले हर्णैला. तेव्हा लाँचा लांब नांगरलेल्या असायच्या, छोट्या होड्यांतून आणि बैलगाड्यांतून मासळी वाळूवर यायची आणि सुवर्णदुर्गाच्या समोर ओळीने लिलाव लागायचे. चौथ्या-पाचव्या दिवशी मी एका मावशींच्या टोपलीतले बांगडे मोजत होते. परवानगी घेतली होती, फळी मांडली होती, एकेक मासा उचलून लांबी लिहीत होते. मावशी बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, 'काय गो बाय, मोठं मोठंच येचतेस? बारकं कोन मोजनार, तुजा बाप?'

माझ्या लक्षातच आलं नव्हतं. हात आपोआप चकाकणाऱ्या, धडक्या, मोठ्या माशांकडे जात होता. तीस मासे मोजून झाले होते आणि त्यातला एकही अठरा सेंटिमीटरच्या आतला नव्हता. टोपलीच्या तळाशी मात्र बोटभर लहान कितीतरी होते. नमुना कसा घ्यावा यावर कॉलेजात पूर्ण एक प्रकरण होतं आणि मी त्यात चांगले मार्क मिळवले होते. त्या दिवसापासून पद्धत बदलली: टोपलीच्या एका कोपऱ्यात वरपासून तळापर्यंत हात घालायचा आणि जे येईल ते सगळं मोजायचं, फुटलेलं, वाकडं, बारीक, सगळं.

बंदरावर वागायचे काही नियम आहेत, ते कोणत्याही पुस्तकात नाहीत. बोली चालू असताना टोपलीजवळ जायचं नाही. लिलाव संपला, की विकत घेणारीला विचारायचं, विकणाऱ्याला नाही, कारण मासा आता तिचा आहे. मोजलेला मासा होता तसा बर्फात परत ठेवायचा. फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही, माणसाचाही नाही आणि माशाचाही नाही. बंदी असलेल्या आकाराची मासळी असेल तर तो फोटो कुठे जाईल याची त्यांना धास्ती असते. महाराष्ट्राने 2023 मध्ये 54 जातींसाठी किमान आकार ठरवून दिला आहे. पापलेटसाठी तो 135 मिलिमीटर. तुम्ही आकारच मोजायला आलेले आहात, म्हणजे पहिल्या दिवशी सगळ्यांना तुम्ही सरकारी माणूस वाटणार. सोसायटीच्या चेअरमनना आधी भेटा, तांडेलांना, म्हणजे होडीच्या प्रमुखांना, सांगा, कॉलेजचं ओळखपत्र गळ्यात ठेवा आणि सुरुवातीचे दोन-तीन दिवस फळी बाहेरच काढू नका. चहा प्या, नावं विचारा, चुकीची नावं बोला. चूक दुरुस्त करायला सगळ्यांना आवडतं.

मोजणीची रीत मोठ्या संस्थांकडून उचला. सीएमएफआरआयच्या पद्धतीत बंदर आणि दिवस चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडले जातात: महिन्याचे दहा-दहा दिवसांचे गट, प्रत्येक गटात दोन-दोन दिवसांच्या जोड्या, पहिल्या दिवशी दुपारी बारा ते सहा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहा ते बारा निरीक्षण, मधल्या रात्रीची आवक विचारून. होड्या पंधरा किंवा त्याहून कमी असतील तर सगळ्यांची नोंद, जास्त असतील तर नमुना. तुमच्या एकट्याच्या तीन महिन्यांसाठी एवढं सगळं लागणार नाही. पण 'मला सोयीचा होता म्हणून दर रविवार' आणि 'आधी ठरवलेले दिवस' यातला फरक तुमच्या अहवालाची किंमत ठरवतो. रविवारी बाजारच वेगळा असतो.

लांबी कोणती मोजताय तेही पहिल्याच पानावर लिहा. तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या शेवटापर्यंत ती एकूण लांबी, शेपटीच्या खाचेपर्यंत ती फोर्क लांबी. कोळंबीची आणि खेकड्याची मापं आणखी वेगळी. मध्येच बदललंत तर आकडे जुळत नाहीत आणि कुठे बदललं हे महिन्याने आठवत नाही.

वही आणि बरणी

शेतात सातबारा, तशी इथे वही. पेन्सिलने लिहायचं. माझे पहिले अकरा नमुने मी बॉलपेनने चिठ्ठ्या लिहून अल्कोहोलात टाकले आणि पंधरा दिवसांनी बरणीत अकरा कोरे कागद होते. मासे सुंदर टिकले होते, कुठले ते मात्र देव जाणे. चिठ्ठी जाड कागदाची, गडद पेन्सिलीची, बरणीच्या आत. वर चिकटवलेली सुटून पडते. जागा, तारीख, वेळ, जाळ्याचा प्रकार, तुमचं नाव. जाळ्याचा प्रकार विसरू नका: डोलीतला बोंबील आणि ट्रॉलरमधला बोंबील यांची गोष्ट वेगळी असते, रापणीतली तर आणखीच वेगळी.

फॉर्मॅलिनच्या बाबतीत एक गोंधळ सगळ्यांचा होतो. बाटलीत मिळणारं द्रावण साधारण 37 ते 40 टक्के फॉर्मल्डिहाइडचं असतं आणि त्यालाच शंभर टक्के फॉर्मॅलिन म्हणतात. म्हणजे दहा टक्के फॉर्मॅलिन करायचं तर एक भाग बाटलीतलं आणि नऊ भाग पाणी. त्यात फॉर्मल्डिहाइड चारच टक्के असतं. हातमोजे आणि उघडी खिडकी हवीच. डीएनए काढायचा असेल तर फॉर्मॅलिन चालत नाही, त्या तुकड्याला इथेनॉल.

आकडे त्याच रात्री संगणकावर चढवा. उद्यावर टाकलेलं पान ओलं होतं, फाटतं किंवा आई धुणं भिजवताना खिशासकट भिजवते. तारीख नेहमी वर्ष-महिना-दिवस अशी लिहा, नाहीतर एक्सेल तीन एप्रिलचा चार मार्च करून ठेवतं. शून्य आणि 'पाहिलं नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिकाम्या चौकोनाचा अर्थ काय तो वर लिहून ठेवा. आकडेमोडीसाठी आर ही प्रणाली आणि नकाशांसाठी क्यूजीआयएस, दोन्ही मोफत. शंभर बांगड्यांची लांबी आणि वजन एवढ्यावर लांबी-वजनाचं समीकरण मांडता येतं. घातांक तीनच्या आसपास यायला हवा. फारच लांब गेला तर मासा नाही, बहुधा ताणकाटा बिघडलाय.

कायदा, थोडक्यात पण गंभीरपणे

वाळूवरून उचललेला प्रवाळाचा तुकडा, जाळ्यात आलेला समुद्रघोडा, वाळवलेला समुद्रकाकडीचा तुकडा: यातलं काहीही 'नमुना' म्हणून घरी आणू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली या गोष्टी संरक्षित आहेत आणि 'मी विद्यार्थी आहे' हे उत्तर चालत नाही. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 मध्ये जाहीर झालेलं आहे, सुमारे 29 चौरस किलोमीटरचं. तिथे संशोधनाला वनखात्याची लेखी परवानगी लागते. तुमच्या मार्गदर्शकाकडे ती आहे का हे विचारणं तुमचं काम आहे, आणि ती प्रत खिशात ठेवणंही.

किनाऱ्यावर मेलेला डॉल्फिन किंवा जखमी कासव दिसलं तर वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर फोन करा, गर्दी लांब ठेवा, फोटो आणि ठिकाण नोंदवा. कासवाला ओढत पाण्यात नेऊ नका. जाळ्यात संरक्षित प्राणी सापडला आणि मच्छीमाराने जाळं कापून तो सोडला, तर 2018 पासून महाराष्ट्रात 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी सोडतानाचा फोटो किंवा चित्रीकरण लागतं. ही माहिती अजूनही बऱ्याच तांडेलांना नसते. अर्ज भरायला मदत केलीत तर त्या बंदरावर तुम्हाला पुन्हा कधी ओळखपत्र दाखवावं लागणार नाही.

शेवटचा महिना

इंटर्नशिपमधून प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडणारे खूप आहेत. मला एका ठिकाणचं प्रमाणपत्र आठ महिन्यांनी मिळालं, तेही नावात चूक असलेलं. ते कुणीही कधी मागितलं नाही. मागितला तो अहवाल.

म्हणून सुरुवातीलाच एक छोटा प्रश्न ठरवा आणि तो पूर्ण करा. 'कोकणातील जैवविविधता' हा प्रश्न नाही. 'सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये आमच्या बंदरावर उतरलेल्या पापलेटांपैकी किती 135 मिलिमीटरच्या आतले होते?' हा प्रश्न आहे. किंवा 'एका खडकावर वरच्या, मधल्या आणि खालच्या पट्ट्यात कोणते शंख सापडतात?' अहवाल पंधरा पानांचा पुरे: जागा, पद्धत, कोष्टकं, दोन आलेख, काय चुकलं. काय चुकलं हा भाग गाळू नका, अनुभवी माणूस आधी तोच वाचतो. मूळ आकडे कोणाचे, ते तुम्ही पुढे वापरू शकता का, निबंध छापला तर नाव येईल का, हे मार्गदर्शकाशी सुरुवातीलाच बोलून मेलवर लिहून घ्या. शेवटी विचारलं की दोघांनाही अवघड होतं.

शिफारसपत्र मागताना तुम्ही केलेली कामं पाच-सहा ओळींत लिहून द्या. 'शिस्तप्रिय आणि मेहनती' यापेक्षा '41 दिवस बंदरावर, 2,300 माशांची मोजणी' हे पत्रात आलेलं बरं. आणि अहवालाची एक मराठी प्रत सोसायटीत नेऊन द्या. मी माझी नेली तेव्हा त्याच मावशींनी आलेखावर बोट ठेवून विचारलं, 'ह्यो डोंगर कसला?' बांगड्यांच्या आकाराचा, म्हटलं. 'मंग बारकं हिकडं डावीकडं. बघ, किती ऱ्हायलं असतं.'

पुढे कुठे

अहवाल हातात असला की काही रस्ते उघडतात. संशोधन प्रकल्पांवर सहायकाची जागा, त्यासाठी मुलाखतीत अहवालच चालतो. नेट किंवा गेट देऊन फेलोशिप. ज्युनिअर रिसर्च फेलोची रक्कम 2023 पासून महिना 37,000 रुपये आहे. किनारी प्रकल्पांचे पर्यावरणीय अहवाल करणाऱ्या सल्लागार कंपन्या, जिथे पगार बरा आणि घाई फार. किनाऱ्यावरच्या गावांसाठी 'सागर मित्र' ही कंत्राटी जागा प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतून येते. तिला मत्स्यशास्त्राबरोबर मरीन बायोलॉजी आणि झूऑलॉजीचे पदवीधरही चालतात, आणि काम रोजच्या आवकेची नोंद ठेवण्याचं, म्हणजे तुम्ही जे शिकलात तेच. बीएससी आणि बीएफएससी (मत्स्यशास्त्राची) या वेगळ्या पदव्या आहेत, मत्स्यखात्याच्या काही जागांना दुसरीच लागते. जाहिरातीतली पात्रतेची ओळ अर्ज करण्याआधी दोनदा वाचा.

आता जून असेल तर बंदरावर जाऊ नका. घरी बसून तीस मासे पाठ करा, जाळी विणणाऱ्यांशी गप्पा मारा, पत्राचा मसुदा करा आणि नारळी पौर्णिमेच्या पंधरा दिवस आधी पाठवा.